वापरलेल्या सुईची जबाबदारी कोणाची?

दवाखान्यात इंजेक्शन घेतले, रक्त तपासायला दिले किंवा बाळाला लस टोचून आणली की आपले काम संपते. डॉक्टरांची फी, औषधांची चिठ्ठी, पुढच्या भेटीची तारीख या सर्व गोष्टी आपण लक्षात ठेवतो. परंतु जी सुई आपल्याला टोचली ती नंतर कोठे गेली, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. ती सुई नाहीशी होत नाही. ती कोठेतरी पडते, कोणीतरी ती उचलते आणि ती नीट टाकली गेली नसेल तर कोणाच्या तरी हातात किंवा पायात शिरते. हा हात डॉक्टरांचा क्वचितच असतो. तो हात असतो दवाखान्याची फरशी पुसणाऱ्या मावशींचा, घंटागाडीवरील कामगाराचा, कचराकुंडीत प्लास्टिक शोधणाऱ्या भगिनीचा.

आपल्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांच्या कित्येक पिढ्या सफाईच्या कामात गेल्या. आजही आपले अनेक बांधव महानगरपालिकांत, नगरपालिकांत आणि रुग्णालयांत हेच काम करीत आहेत. म्हणून हा विषय डॉक्टरांच्या मासिकापुरता राहू नये, तो आपल्या स्मरणिकेतही यावा असे आम्हास वाटले. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून एवढीच आमची ओळख. परंतु नियम ओळीओळीने वाचणे, नोंद कोठे व्हायला हवी आणि सही कोणाची हवी हे पाहणे, हे आमचे रोजचेच काम आहे. त्याच दृष्टीने आम्ही या विषयाचे नियम वाचले. त्यांत जे आढळले ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे सोप्या शब्दांत ठेवीत आहोत.

धोका किती आणि कशाचा?

वापरलेल्या सुईच्या पोकळीत डोळ्यांना न दिसणारे रक्त शिल्लक असते. त्या रक्तातून मुख्यतः तीन रोग पसरू शकतात: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. रोग्याच्या रक्ताने माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता तिन्ही रोगांत सारखी नसते. वैद्यकशास्त्रात सर्वसाधारणपणे मानले जाणारे प्रमाण असे आहे: लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचे प्रमाण शंभरात ६ ते ३०, हिपॅटायटिस सी चे शंभरात सुमारे २ आणि एचआयव्हीचे हजारात सुमारे ३.

आपण सर्वात जास्त घाबरतो ते एचआयव्हीला. परंतु सुईच्या बाबतीत हिपॅटायटिस बी हा कितीतरी अधिक धोक्याचा आहे. त्याचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे सोमवारी फेकलेली सुई पुढच्या रविवारीही कोणाचा तरी घात करू शकते. दिलाशाची गोष्ट एवढीच की या तिघांपैकी हिपॅटायटिस बी विरुद्धच लस उपलब्ध आहे.

दुसरा धोका त्याहून भयंकर आहे. फेकलेली सिरिंज पुन्हा वापरात येऊ शकते. २००९ साली गुजरातमधील तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्यामुळे ही साथ पसरली, असे तपासात पुढे आले. सुई नष्ट करण्याचा आग्रह कायदा का धरतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. सुई केवळ दूर फेकून भागत नाही. ती पुन्हा कोणालाही वापरता येणार नाही अशी करावी लागते.

कायदा कसा आला?

या सर्व नियमांचा पाया पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा आहे. दिल्ली शहरातील कचऱ्याविषयी बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला आणि त्यात रुग्णालयांच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीबाबतही आदेश दिले. त्यानंतर १९९८ साली केंद्र सरकारने जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे पहिले नियम काढले. त्या नियमांत कचऱ्याचे दहा वर्ग होते आणि सुया, ब्लेड यांसारख्या टोकदार व धारदार वस्तू चौथ्या वर्गात होत्या. दहा वर्ग लक्षात ठेवणे कर्मचाऱ्यांना अवघड जाई. पुढे २८ मार्च २०१६ रोजी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रसिद्ध झाले आणि जुने नियम मागे पडले. नव्या नियमांत दहा वर्गांऐवजी चार रंग आले. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यांत काही दुरुस्त्या झाल्या.

जबाबदार कोण?

आमच्या मते या नियमांतील सर्वात महत्त्वाचा शब्द 'भोगवटादार' हा आहे. ज्या संस्थेत किंवा जागेत कचरा निर्माण होतो तिचा कारभार ज्याच्या हाती आहे तो भोगवटादार. रुग्णालय, नर्सिंग होम, एका खोलीचा दवाखाना, पॅथॉलॉजी लॅबोरेटरी, रक्तपेढी, जनावरांचा दवाखाना हे सर्व यात आले. उपचारपद्धती ॲलोपॅथी असो, आयुर्वेद असो वा होमिओपॅथी, कोणालाही सूट नाही.

हे नियम कोणाला लागू आहेत याची यादी वाचताना आम्ही एका ठिकाणी थबकलो. त्या यादीत लसीकरण शिबिरे, रक्तदान शिबिरे, वैद्यकीय व शस्त्रक्रिया शिबिरे आणि शाळांमधील प्रथमोपचार खोल्या यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्यासारख्या संस्थांशी याचा थेट संबंध येतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कचरा हलक्या हाताने हाताळला जावा, त्यापासून माणसाला वा पर्यावरणाला अपाय होऊ नये, ही जबाबदारी कायद्याने भोगवटादारावर टाकली आहे. "सफाईवाल्याने कोठे टाकले ते आम्हास ठाऊक नाही" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. बँकेत रोकड एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघांच्याही सह्या होतात. सुईच्या बाबतीतही कायद्याने तीच शिस्त घालून दिली आहे.

पांढरा डबा

चार रंगांपैकी आपल्या विषयाचा रंग पांढरा. सुया, सुई जोडलेल्या सिरिंज, सुई कापण्याच्या यंत्रातून पडलेल्या सुया, शस्त्रक्रियेची पाती, ब्लेड आणि टोचू वा कापू शकेल अशी प्रत्येक धातूची दूषित वस्तू पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकायची असते. हा डबा कसा असावा तेही ठरलेले आहे: सुईने भोक पडणार नाही असा, गळणार नाही असा आणि एकदा बंद केल्यावर मधेच कोणी उघडू शकणार नाही असा. साध्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सुया भरणे हा नियमभंग आहे.

विद्यार्थी मित्रांनी बाकीचे तीन रंगही लक्षात ठेवावेत. सुई कापून वेगळी केल्यावर उरलेली प्लास्टिकची सिरिंज, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत किंवा डब्यात जातात. फुटलेली काच, औषधाच्या काचेच्या कुप्या आणि ॲम्प्यूल निळ्या खुणेच्या डब्यात जातात. रक्ताने माखलेला कापूस, बँडेज, शरीराचे अवयव आणि मुदत संपलेली औषधे यांना पिवळा रंग आहे. एकाच इंजेक्शनमधून तीन रंगांचा कचरा निघू शकतो: सुई पांढऱ्यात, सिरिंज लालमध्ये, कुपी निळ्यामध्ये. आपण दवाखान्यात गेलो की एवढे पाहिले तरी तेथील शिस्त लगेच कळते.

डबा काठोकाठ भरू द्यायचा नसतो. तीन चतुर्थांश भरला की तो बंद करावा, ही सुरक्षित पद्धत आहे. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी पुन्हा टोपण बसवणे हेदेखील टाळले पाहिजे. बोटाला सुई लागण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

डब्याचा पुढील प्रवास

डबा भरल्यावर तो महानगरपालिकेच्या कचरागाडीत टाकता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त सामायिक प्रक्रिया केंद्रे असतात. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत असे केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाला स्वतःच्या आवारात प्रक्रिया यंत्रणा उभारण्याची परवानगी नाही, कचरा त्या केंद्राकडेच द्यावा लागतो. प्रत्येक पिशवीवर आणि डब्यावर बारकोड लावायचा असतो. त्यामुळे तो कोणत्या दवाखान्यातून निघाला हे शेवटपर्यंत कळते.

केंद्रात सुया प्रथम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक केल्या जातात. नंतर त्यांचे तुकडे केले जातात किंवा त्या धातूच्या डब्यात वा सिमेंट काँक्रीटमध्ये कायमच्या बंद केल्या जातात. अखेरीस हे धातूचे अवशेष परवानाधारक लोखंडाच्या फाउंड्रीत, शास्त्रीय पद्धतीच्या भराव भूमीत किंवा खास बांधलेल्या काँक्रीटच्या खड्ड्यात जातात. आधी निर्जंतुक करणे, नंतर निरुपयोगी करणे आणि मग बंदिस्त जागी पोचवणे असा हा क्रम आहे. मोडासा येथे जे घडले ते यातील एकही पायरी न चुकता पार पडली असती तर घडले नसते.

कामगारांचे हक्क

नियमांतील हा भाग आपल्या अनेक बांधवांना ठाऊक नसतो, म्हणून तो विस्ताराने देत आहोत. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराबाबत, तो कायम असो वा कंत्राटी, भोगवटादाराची पुढील कर्तव्ये आहेत.

१) हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांसारख्या रोगांची लस देणे. हिपॅटायटिस बी ची लस साधारणतः तीन मात्रांत, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, देतात. एकच मात्रा घेऊन थांबू नये.

२) कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे.

३) रुजू होताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे.

४) हातमोजे, मास्क, योग्य पादत्राणे इत्यादी संरक्षक साधने पुरवणे.

५) सुई टोचण्यासह प्रत्येक अपघाताची नोंद ठेवणे. मोठ्या अपघाताची माहिती ठराविक नमुन्यात प्राधिकरणाला कळवणे आणि वार्षिक अहवालातही अपघात दाखवणे. हा अहवाल दर वर्षी ३० जूनपूर्वी द्यावयाचा असतो आणि दप्तर पाच वर्षे जपावे लागते.

कंत्राटी कामगाराला अनेकदा सांगण्यात येते की लस, मोजे ही ठेकेदाराची बाब आहे. ठेकेदाराचे जे कर्तव्य असेल ते असो, त्यामुळे रुग्णालयाचे कर्तव्य संपत नाही. हे आपल्या कामगार बांधवांनी आणि त्यांच्या शिकलेल्या मुला-मुलींनी लक्षात ठेवावे. आणखी एक सूचना. सुई टोचली की "काही होत नाही" म्हणून गप्प बसू नये. त्याच दिवशी नोंद करून घ्यावी. पुढे आजार उद्भवला तर तो कामामुळे झाला हे दाखवायला ती नोंदच उपयोगी पडते. बँकेत ज्या व्यवहाराची नोंद नाही तो व्यवहार झाला असे कोणी मानत नाही.

आपली शिबिरे

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी महाराष्ट्रात ठिकठिकाणी रक्तदान आणि आरोग्य तपासणी शिबिरे भरतात. ही उत्तम प्रथा आहे. परंतु हिशेब करून पाहा. शंभर जणांनी रक्तदान केले तर रक्ताच्या पिशव्यांना जोडलेल्या किमान शंभर सुया आणि हिमोग्लोबिन पाहण्यासाठी बोटाला टोचलेल्या किमान शंभर टोच्या, असे दोनशे धारदार नग एका दिवसात सभागृहात तयार होतात. संध्याकाळी खुर्च्या उचलणारे आणि सभागृह झाडणारे आपलेच कार्यकर्ते असतात.

म्हणून शिबिर ठरवताना रक्तपेढीला किंवा डॉक्टरांच्या पथकाला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात: पांढरे, लाल आणि पिवळे डबे कोण आणणार? भरलेले डबे परत कोण नेणार? ते कोणत्या प्रक्रिया केंद्राकडे जातात? शिबिर संपल्यावर किती डबे गेले याची नोंद करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सुया हाताने मोजण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, डबे मोजणे पुरेसे आहे. मधुमेह तपासणीच्या शिबिरातही हाच नियम पाळावा. पथक निघून जाण्यापूर्वी टेबलाखालची आणि पडद्यामागची जमीन त्यांच्याच समक्ष पाहून घ्यावी.

घरातील सुया

आज अनेक घरांत मधुमेहाचे रोगी स्वतः इन्सुलिन घेतात. दिवसातून दोनदा सुई बदलली तर वर्षाला सातशे तीस सुया होतात. घर हे रुग्णालय नसल्याने येथे घनकचऱ्याचे नियम लागू होतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना 'घरगुती घातक कचरा' ठरवले. तो ओल्या व सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवण्याचे कर्तव्य नागरिकावर टाकले आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी केंद्रे उघडण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकले. त्यांची जागा घेणारे नवे नियम जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. त्यांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. नावे बदलली तरी घातक वस्तू वेगळी द्यावी हे तत्त्व कायम आहे.

घरी करावयाची गोष्ट अगदी साधी आहे. फरशी पुसण्याच्या द्रवाचा किंवा तेलाचा जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा डबा घ्यावा. त्यावर 'वापरलेल्या सुया, उघडू नये' असे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावे. सुई काढताच ती सरळ त्यात टाकावी. डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. तीन चतुर्थांश भरला की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी. मग आपले डॉक्टर, लॅबोरेटरी किंवा जवळचे रुग्णालय तो स्वीकारते का हे विचारावे, किंवा पालिकेच्या प्रभाग कार्यालयात चौकशी करून तो वेगळा म्हणून सोपवावा. हा डबा भंगारवाल्याला कदापि देऊ नये. दाढीचे ब्लेडही त्यातच टाकावेत.

सुई टोचलीच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट तोंडात घालू नये, जखम दाबून रक्त काढू नये, त्यावर ब्लीच किंवा जळजळीत औषध ओतू नये. लगेच सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तर दोन तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि बहात्तर तास उलटल्यावर त्यांचा उपयोग होत नाही. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. घ्यायची ठरल्यास ती अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीविषयीही त्याच वेळी विचारावे.

दंड आणि तक्रार

पर्यावरण अधिनियमाच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. जन विश्वास अधिनियम, २०२३ ने हे कलम बदलले. १ एप्रिल २०२४ पासून नियमभंगासाठी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आहे. तो भरला नाही तर मात्र कैदेचीही तरतूद आहे. आपल्या राज्यात अंमलबजावणीचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. उघड्यावर सुया पडलेल्या दिसल्या तर त्यांना हात न लावता जागा, तारीख आणि वेळ लिहून मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे व पालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार फाईलमध्ये शोधूनही सापडत नाही, हे आम्ही कार्यालयीन अनुभवाने सांगतो.

कायदा कागदावर पुरेसा सविस्तर आहे. तो पाळला जातो की नाही हे पुष्कळदा विचारणारा कोणी आहे की नाही यावर अवलंबून असते. सभासदांना आमची विनंती आहे की पुढील शिबिराच्या नियोजनाच्या बैठकीत कचऱ्याच्या डब्यांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. विद्यार्थी मित्रांनी आपल्या शाळेच्या प्रथमोपचार खोलीत आणि वस्तीतील दवाखान्यात पांढरा डबा आहे का ते नम्रपणे विचारावे. आणि ज्यांच्या घरातील कोणी सफाईचे काम करीत असेल त्यांनी आज घरी गेल्यावर एकच चौकशी करावी: हिपॅटायटिस बी च्या लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण झाल्या का? झाल्या नसतील तर त्या मागणे हा त्यांचा हक्क आहे. तो मागण्यासाठी अर्ज लिहून द्यायला आम्ही आणि संस्थेतील इतर लिहिते-वाचते सभासद केव्हाही तयार आहोत.